सती भाकरवतीचा दावा

मोरेश्वर पोतनीस कॅमेरा घेऊन मुंबईहून जव्हारला परत आला, तेव्हा वडिलांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. वडील संस्थानच्या नोकरीत कारकून. मुलानंही तिथंच चिकटावं एवढीच त्यांची इच्छा होती. पण मोरेश्वर मुंबईच्या विश्वदर्शन फिल्म कंपनीत काही वर्षं कॅमेरावाल्याच्या हाताखाली राबला होता आणि मालकाशी भांडून बाहेर पडला होता. तेव्हा चित्रपट मुके होते. पडद्यावर माणसं नुसते ओठ हलवायची, मधे मधे अक्षरं यायची, आणि वाचता न येणाऱ्यांसाठी चित्रपटाच्या तंबूतला एक माणूस ती मोठ्यानं वाचून दाखवायचा.

मोरेश्वरला हसवणारा चित्रपट काढायचा होता. त्यासाठी माणसं शोधत तो संस्थानभर हिंडला, आणि मोखाड्याच्या बाजारात त्याला सुकरी दिसली.

ती कासाराची नक्कल करत होती. समोर कुणीच नसताना तिनं एक हात धरला, दाबला, त्यावर फुंकर घातली, काकण अडकलं म्हणून तोंड वेडंवाकडं केलं, आणि काकण फुटल्यावर गिऱ्हाइकाकडे असं पाहिलं की चूक त्या हाताचीच होती. खरा कासार शेजारीच बसला होता. तोही हसत होता.

"ही कुणाची बायको?" मोरेश्वरनं विचारलं.

"माझी," टोपल्या विकायला बसलेला एकजण म्हणाला. तो ढवळू. मोखाड्याजवळच्या एका पाड्यात त्याची भाताची आणि नागलीची थोडी जमीन होती. अंगानं थोराड, बोलायला कमी. बायको हसवायची आणि हा बाजूला उभा राहून लोकांची तोंडं बघायचा.

त्याच दिवसांत जव्हारला तंबू लागला होता आणि त्यात विश्वदर्शन कंपनीचाच नवा चित्रपट आला होता, 'सती तेजोवती'. मोरेश्वरनं ढवळूला आणि सुकरीला तो पाहायला बोलावलं. सुकरीची बहीण फागी जामसरला दिली होती, तीही आली. तिघांनीही याआधी चित्रपट पाहिलेला नव्हता. एका ऋषीच्या शापानं तेजोवतीचा नवरा दगड होतो. ती त्या दगडापाशी बसून वर्षानुवर्षं रडते आणि शेवटी तिच्या आसवांनी दगडाचा माणूस होतो. सुकरी पदर तोंडात धरून रडली. फागी तिला हलवत राहिली, तरी थांबेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे पाड्याकडे निघाले. मोरेश्वरला जागा पाहायच्या होत्या म्हणून तोही बरोबर होता. गाव मागं पडलं तशी सुकरी तेजोवतीसारखी चालायला लागली. मान एका बाजूला, एक हात कपाळावर, पाऊल टाकायच्या आधी उसासा. मग तिनं वाटेकडेच्या कातळावर ढवळूला आडवं केलं आणि त्याच्या उशाशी बसली.

"नवरा दगड झाला," ती म्हणाली. "बरा झाला. पण एवढी वरसं तिनं खाल्ला काय? आन् ह्यो उठला की पयली भाकर मागंल. तेजोवतीला नाय इचारायचा."

मोरेश्वर हसत हसत खाली बसला. "मग ती तेजोवती, तर तू कोण?"

"मी?" सुकरीनं कपाळावरचा हात खाली घेतला आणि पिठाचे हात झटकल्यासारखे केले. "मी सती भाकरवती."

चित्रपटाचं नाव तिथं ठरलं.

भात झोडून झाल्यावर पाड्यातल्या खळ्यावर चित्रीकरण सुरू झालं. बायकांनी असल्या कामात पडावं का, यावर पाड्यात थोडी कुरबूर झाली. ढवळू म्हणाला, नवऱ्याचं काम मी करतो, मग काय हरकत आहे. मोरेश्वरलाही ते पटलं, कारण नवऱ्याला काही करायचंच नव्हतं. ऐन सुगीत तो झोपतो आणि काही केल्या उठत नाही. बायकोला वाटतं ह्याला शाप लागला. ती त्याला उठवायला नाना उपाय करते. शेवटी गरम भाकरीचा वास आला की तो उठतो, एवढीच गोष्ट.

"काय झालं तरी डोळे उघडायचे नाहीत," मोरेश्वरनं ढवळूला बजावलं. "एकदा जरी पापणी हलली तरी सगळं पुन्हा करावं लागेल. फिल्म महाग असते."

ढवळूनं डोळे मिटले ते मिटलेच. तो खळ्यावर निजून असायचा. अंगावर गार पाणी पडायचं. पाय धरून कुणीतरी ओढायचं. नाकापाशी बकरी यायची. एकदा सुकरी दमून त्याच्या पोटावर बसली आणि त्याला तिचं सगळं वजन कळलं, ती काहीतरी चावून खातेय तेही कळलं. भोवती पाडा जमलेला असे, आणि सगळे हसत असत. म्हातारी माणसं खोकेपर्यंत हसत. फागी तर हसता हसता रडायला लागे. ढवळूला आतून हसू फुटायचं, पण तो दात आवळून पडून राही. मोरेश्वरनं टाळी वाजवली की डोळे उघडायचे. तोवर सुकरी उठून बकरीला दाणे घालायला गेलेली असायची.

"तू काय केलास?" तो घरी विचारायचा.

"पडद्यावर बघ," ती म्हणायची. "आत्ता सांगितला तर तंबूत हसणार नाय तू."

चैत्रात मोरेश्वर फिल्म धुवायला मुंबईला गेला. तिथं त्याला कामं करून पैसे जमवावे लागले, त्यात पावसाळा गेला. भादव्यात सुकरीला ताप आला. आधी थंडी वाजायची, मग अंग भाजायचं. भगतानं अंगारा दिला, जव्हारहून औषधही आणलं. मधे एक दिवस तिला बरं वाटलं, तेव्हा ती उठून बसली आणि औषध देणाऱ्या डॉक्टरसारखी नाकाच्या शेंड्यावरून बघायला लागली. फागी तिथंच होती. ती हसली. दुसऱ्या दिवशी ताप पुन्हा चढला आणि उतरला नाही.

मोरेश्वर परत आला तो डबे घेऊनच. जव्हारला घरीही न थांबता पाड्यात आला आणि दारातूनच म्हणाला, "सुकरी कुठाय? मुंबईत ज्यानं फिल्म धुतली तो माणूस काम टाकून हसत होता."

ढवळूनं त्याला बसायला घोंगडी दिली आणि सांगितलं.

मोरेश्वरनं हातातले डबे खाली ठेवले. मग म्हणाला, "दसऱ्याला दाखवू. सगळ्यात पुढं तू बस."

पाड्यात कुणाचाच फोटो नव्हता. सुकरीचाही नव्हता. चेहरा आठवायला बसलं की ढवळूला तो आठवायचा, पण एका जागी थांबलेला. आणि सुकरी तर कधीच एका जागी थांबली नव्हती. दसऱ्याची वाट त्यानं ज्या रीतीनं पाहिली, ते पाहून पाड्यातल्या लोकांना भीती वाटली.

दसऱ्याच्या आधीच मुंबईहून विश्वदर्शन कंपनीचा वकील जव्हारला येऊन पोचला. तंबूवर लावलेली जाहिरात कुणीतरी कंपनीला कळवली होती. कंपनीचं म्हणणं असं, की 'सती भाकरवती' हे नाव 'सती तेजोवती'वरून चोरलेलं आहे. त्यानं कंपनीच्या चित्रपटाची आणि सतीची विटंबना होते. कंपनीनं काढून टाकलेल्या नोकरानं सूड म्हणून हे केलं आहे. संस्थानचं न्यायालय वेगळं होतं, म्हणून मुंबईच्या कंपनीला दावा जव्हारलाच लावावा लागला. निकाल लागेपर्यंत चित्रपट दाखवू नये, असा हुकूम झाला. नावाच्या पाटीचा तुकडा फिल्ममधून कापून पुरावा म्हणून दाव्याच्या कागदांत ठेवला. बाकीची फिल्म पेट घेते असं वकिलानंच सांगितल्यामुळे ती कचेरीत ठेवायला कुणी धजेना. दोन्ही बाजूंच्या संमतीनं मूळ फिल्म आणि तिची एकुलती एक प्रत असे सगळे डबे गावाबाहेर एका व्यापाऱ्याच्या भाताच्या वखारीत, कोपऱ्यातल्या खोलीत सील करून ठेवले.

दिवाळीनंतर मोरेश्वर पुन्हा पाड्यात आला. या वेळी तो अंगणातच उभा राहिला.

"कंपनी तडजोडीला तयार आहे," तो म्हणाला. "नाव बदललं की दावा मागे घेतील. डबे लगेच सुटतील."

"मग बदला की," ढवळू म्हणाला.

"काय ठेवू? मी चार नावं लिहून बघितली. 'झोपाळू नवरा'. 'कुंभकर्णाची बायको'." मोरेश्वरनं मान हलवली. "ढवळू, ते नाव माझं असतं तर मी काल बदललं असतं. ते तिचं आहे. कातळावर बसून ती म्हणाली आणि मी फक्त लिहिलं. कंपनी म्हणते मी चोरलं. मी बदललं तर ते खरं ठरेल, आणि तिचं म्हणून जे आहे ते पुसलं जाईल. पण तू सांगशील तसं करतो. तुझ्या शब्दाबाहेर नाही."

ढवळू अंगणात बसला. समोर खळं होतं, त्या वर्षी त्यानं ते सारवलं नव्हतं. सुकरीनं मागं ठेवलेलं तसं काही नव्हतं. मूल झालं नाही. लुगडी फागीनं नेली, ती तरी कशाला पडू द्यायची. मोरेश्वर आत जाऊन माठातलं पाणी पिऊन आला.

"किती दिवस लागतील?" ढवळूनं विचारलं.

"होळीच्या आत निकाल लागेल असं आपला वकील म्हणतो."

"मग ऱ्हाऊ द्या. नाव नका बदलू," ढवळू म्हणाला. "एवढा थांबलो, होळीपावेतो थांबतो."

होळी झाली. कंपनीच्या वकिलानं पुढची तारीख मागून घेतली. मग त्याची तब्येत बिघडली. मग न्यायाधीश बदलले आणि नव्या न्यायाधीशांनी सगळं पहिल्यापासून ऐकायचं ठरवलं. पावसाळ्यात घाट बंद म्हणून मुंबईची माणसं येईनात. ढवळू बाजाराच्या दिवशी टोपल्या घेऊन जव्हारला जायचा आणि येताना वखारीकडून यायचा. दाराला कुलूप, कुलपाला लाख. तो दाराशी थोडा टेकायचा आणि निघायचा. वखारीचा रखवालदार त्याला ओळखायला लागला होता. "आत काय हाय तुझा?" त्यानं एकदा विचारलं. ढवळू म्हणाला, "बायको." रखवालदारानं पुन्हा कधी विचारलं नाही.

त्याची साक्ष झाली ती पुढल्या थंडीत. कंपनीचा वकील आवाज न चढवता बोलणारा माणूस होता.

"हे नाव कुणी दिलं?"

"माझ्या बायकोनं."

"पोतनिसांनी तुला असं सांगायला शिकवलं?"

"नाय. मी तिथं होतो. मी कातळावर निजलेला होतो."

"तुझ्या बायकोनं 'सती तेजोवती' पाहिला होता?"

"हो."

"आणि पाहून तिला त्याची चेष्टा करावीशी वाटली."

ढवळू न्यायाधीशांकडे बघत राहिला. ते म्हणाले, "सावकाश सांग. घाई नाही."

"ती रडली तंबूत," ढवळू म्हणाला. "तिच्या बहिणीला इचारा. लय रडली."

"रडली, आणि मग चेष्टा केली?"

"हो. ती तशीच होती, साहेब. माझी आय मेली, तवा सगळे दिवस झाल्यावर ती आयसारखी वाकून घरात चालली. हात असा कमरंवर, आन् चुलीपाशी जाऊन भांडली, आय भांडायची तशी. आमी हसलो आन् रडलो. मी रागावलो नाय. मला वाटला, आय आली." तो थांबला. "तिला जो आवडायचा त्याच्यासारखी ती चालायची. जो नाय आवडला त्याची नक्कल तिनं कवाच नाय केली."

वकिलानं आणखी एकदोन प्रश्न विचारले आणि तो बसला. न्यायाधीश लिहीत होते, ते लिहायचे थांबले होते.

एवढं होऊनही निकाल लागायला आणखी एक पावसाळा गेला. तोवर मुंबईत बोलपट सुरू झाले होते. मुक्या चित्रपटांना कुणी विचारीना. विश्वदर्शन कंपनीला 'सती तेजोवती'चंही काही उरलं नाही. निकालाच्या दिवशी त्यांचा वकील आलाच नाही. नवऱ्यासाठी झुरणारी सती आणि नवऱ्याला उठवणारी शेतकरीण यांच्यात कुणी गल्लत करणार नाही, नाव विनोदानं दिलेलं आहे, चोरीनं नाही, आणि ते ज्या स्त्रीनं दिलं तिच्या मनात विटंबना नव्हती, असं न्यायाधीशांनी लिहिलं होतं. दावा फेटाळला.

मोरेश्वरनं तंबूवाल्याकडून पडदा आणि यंत्र आधीच मागून ठेवलं होतं. पाड्यातली माणसं सकाळपासून तंबूत येऊन बसली होती. फागी जामसरहून आली होती. ढवळूनं धुतलेलं धोतर नेसलं होतं. तो आणि मोरेश्वर वखारीकडे गेले. सील तोडलं आणि दार उघडलं.

खोलीत आंबूस, डोळ्यांना झोंबणारा वास भरलेला होता. जमिनीतून ओल वर आली होती. डबे तळाशी गंजून फरशीला चिकटले होते, ते ओढून काढावे लागले. मोरेश्वरनं पहिल्या डब्याचं झाकण पहारीनं उचकटलं. आत फिल्म नव्हती. तपकिरी, चिकट, गुळाच्या ढेपेसारखं काहीतरी होतं. त्यानं बोट लावलं तर बोटाला ओढत आलं. दुसरा डबा उघडला. त्यात थर अजून वेगळे दिसत होते. त्यानं हळूच टोक धरून सोडवायला सुरुवात केली, आणि फिल्मवरचं चित्र सायीसारखं निघून शेजारच्या थराला चिकटून गेलं. हातात नुसती पारदर्शक पट्टी राहिली. त्यानं आणखी सोडवली. तेच झालं. तिसऱ्या डब्यातून पूड सांडली.

"थांबा भाऊ," ढवळू म्हणाला.

मोरेश्वर थांबला नाही. तो उकिडवा बसून थर सोडवत राहिला, उजेडाकडे धरून बघत राहिला. शेवटी ढवळूनं त्याचे दोन्ही हात धरले तेव्हा तो रडायला लागला. "मी नाव बदलायला हवं होतं," तो म्हणाला. "त्याच दिवाळीत दाखवता आला असता. तू पाहिला असतास."

"तुमी इचारला होता मला," ढवळू म्हणाला. "मीच बोललो, ऱ्हाऊ द्या."

ही फिल्म वखारीत ठेवणं धोक्याचं म्हणून ती दोघांनी गावाबाहेर माळावर नेऊन खड्ड्यात पुरली. ढवळूनं खणलं. तंबूत बसलेल्या लोकांना काय सांगायचं ते मोरेश्वरला सुचेना, म्हणून ढवळू एकटा तंबूत गेला आणि म्हणाला, चला घरी, खराब झाला. माणसं उठली.

कचेरीतल्या कागदांतला तुकडा मात्र चांगला राहिला होता. कोरड्या कपाटात होता तो. मोरेश्वरनं तो सोडवून आणला आणि ढवळूच्या हातात दिला. ढवळूनं तो उन्हासमोर धरला. काळ्यावर बारीक पांढरी अक्षरं, एकाखाली एक, पुन्हा पुन्हा तीच.

"यात ती हाय?"

"नाही," मोरेश्वर म्हणाला. "यात नाव आहे. सती भाकरवती."

ढवळूनं तुकडा परत दिला. "मला वाचता येत नाय. तुमी ठेवा."

त्या संध्याकाळी तो फागीबरोबर जामसरला गेला. फागीनं चूल पेटवली, नागलीचं पीठ मळलं, त्याला वाढलं. जेवून झाल्यावर तो म्हणाला, "तू तर होतीस खळ्यावर. सांग मला ती काय करायची."

"हसलो आमी," फागी म्हणाली. "पोट दुखायचा हसून."

"ते मी ऐकलो. पण करायची काय?"

फागी आठवायला लागली. "पाणी ओतायची."

"ते ठाऊक हाय. पाणी माझ्याच अंगावर पडला. ओतल्यावर तिचा तोंड कसा व्हायचा?"

"तुझ्याकडं बघायची," फागी म्हणाली. "मग आमच्याकडं बघायची. मग पुन्हा तुझ्याकडं."

"कशी?"

फागी उठली. चुलीच्या उजेडात उभी राहून तिनं खाली बघितलं, मग वर बघितलं, ओठ थोडे बाहेर काढले. बहिणीचा चेहरा तिला आठवत होता, पण तिच्या चेहऱ्यावर तो येईना. तिनं भुवया उंचावल्या, पुन्हा खाली घेतल्या. ढवळू पुढं सरकून बघत होता.

"असा नाय," ती म्हणाली. "थांब." तिनं पुन्हा करून पाहिलं. मग ती मटकन खाली बसली. "मला नाय जमत. मला नाय आठवत कसा करायची. हसलो एवढाच आठवतो."

"असू दे," ढवळू म्हणाला.

सकाळी तो उठला तेव्हा फागी पाण्याला गेली होती. ती येईपर्यंत तो थांबला, तिच्या डोक्यावरचा हंडा त्यानं खाली उतरवून दिला, आणि मग पाड्याच्या वाटेला लागला.